अमेरिका आमच्या गल्लीच्या कोणत्या अंगाला

विमान या विषयावर लकडगंजात माझ्याइतका अधिकारी माणूस त्या काळी दुसरा नव्हता. मी विमानात बसून आलो होतो. निदान तसं सांगितलं होतं, आणि पुन्हा पुन्हा सांगून ते इतकं पक्कं झालं होतं की सोनेगावच्या विमानतळावर कोणत्या महिन्यात वारा कुठून येतो, हेसुद्धा लोक मलाच विचारायचे. खिडकीतून हात बाहेर काढून मी ढगाचा एक तुकडा तोडला, रुमालात बांधला, पण मुंबईच्या उकाड्यात त्याचं पाणी झालं आणि रुमाल तेवढा ओला राहिला, ही हकिकत आरागिरणीतल्या प्रत्येक माणसानं ऐकलेली होती. मी रुमालही दाखवायचो. ओला असायचा.

म्हणून बाहत्तर सालच्या फेब्रुवारीत शेजारचे वामनराव माझ्या ओट्यावर येऊन बसले, तेव्हा मला नवल वाटलं नाही. इतवारी स्टेशनच्या मालधक्क्यावर सारी नोकरी काढून ते निवृत्त झालेले. त्यांच्या लेखी अंतर म्हणजे स्टेशनं. गोंदिया किती लांब, असं कुणी विचारलं तर ते मैल सांगत नसत. कामठी, कन्हान, तारसा अशी नावं घ्यायला लागत, आणि तुमसर येईपर्यंत विचारणारा निघून गेलेला असे.

त्यांनी विचारलं, सॅन फ्रान्सिस्को नागपूरपासून किती दूर, आणि पोचायला वेळ किती लागतो.

मी म्हटलं, दूर म्हणाल तर दहा हजार मैलांच्या आसपास. वेळ म्हणाल तर विमान बरं असलं आणि ढग आडवे आले नाहीत, तर दीडएक दिवस.

"अन् थांबते कुठी?"

"मधीमधी थांबते."

"मधीमधी मंजे कोणतं स्टेशन?"

मग मी त्यांना समुद्रावर रांगेनं लावलेल्या हिरव्या दिव्यांबद्दल सांगितलं. दर शंभर मैलांवर एक दिवा, आणि प्रत्येक दिव्याखाली नावेत बसलेला एक सिग्नलवाला. सिग्नलचं ऐकून वामनरावांच्या चेहऱ्यावर पुष्कळ धीर आला.

जायचं त्यांना नव्हतं. जायचं होतं त्यांच्या बायकोला, मनकर्णावहिनींना. त्यांची एकुलती एक मुलगी शामला लग्न होऊन तिकडे गेली, त्याला सहा वर्षं झाली होती. पहिलं बाळ दिवस भरायच्या आधीच आलं आणि गेलं. आता इतक्या वर्षांनी पुन्हा दिवस राहिले होते आणि डॉक्टरांनी तिला खाटेवरून उठू नको म्हणून बजावलं होतं. तिनं लिहिलं होतं, आई, तू ये. जावयानं एक तिकीट पाठवलं. वहिनींचा प्रवास तोवर रामटेक आणि एकदा मुंबई, एवढाच. इंग्रजीचा गंध नाही. पण धंतोलीतली चारुशीला नावाची मुलगी, जी तिकडेच शिकत होती आणि भावाच्या लग्नाला घरी आली होती, ती परत निघालीच होती आणि वहिनींना अगदी शामलाच्या दारापर्यंत नेऊन सोडायला तयार होती. ती निघणार होती शुक्रवारी. तो शुक्रवार हुकला तर सोबत हुकली, आणि सोबत हुकली तर बाळंतपणही हुकलंच.

वहिनींना विमानाची भीती नव्हती. तुम्ही म्हणाल तर त्या पंखावर बसूनही गेल्या असत्या. त्यांना भीती होती शुक्रवारची.

शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ असतो. त्या दिवशी त्या दिशेला निघू नये. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. त्यावर तोडही जुनीच. ज्याला चुकीच्या दिवशी निघणं भाग आहे, त्यानं आदल्या चांगल्या दिवशी आपल्या सामानातली एक पुरचुंडी, त्यात सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ आणि अंगावरचं एखादं वस्त्र, असं बांधून जायच्या दिशेच्या शेजारघरी ठेवायचं. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. पुरचुंडी निघाली की माणूस निघाला. खऱ्या निघायच्या दिवशी ती त्या घरून उचलायची आणि पुढं चालू लागायचं. दोनच नियम. ती पुरचुंडी परत आपल्या घरी आणायची नाही, आणली की प्रवास मोडला. आणि ठेवायची ती त्या अंगाच्या पहिल्याच घरी. ते घर टाकून पुढच्या घरी ठेवली तर त्या घराचा अपमान होतो आणि प्रवासाला गालबोट लागतं.

आता आमची गल्ली पूर्व-पश्चिम. पूर्वेच्या टोकाला आरागिरण्या आणि लाकडांचे ढीग, पश्चिमेच्या तोंडाशी गांधीबागेकडे जाणारा रस्ता. वामनरावांच्या पूर्वेचं पहिलं घर माझं. पश्चिमेचं पहिलं घर कौसल्याबाईचं. आणि तिथंच गाडं अडलं होतं.

कौसल्याबाई जातीची कासारीण, नवरा गेल्यापासून एकटी, घराच्या पुढच्या खोलीत बांगड्यांचं दुकान. शामलाच्या लग्नाचा चुडा तिनंच भरलेला. सहा वर्षांपूर्वी शामला नवऱ्यासोबत निघाली, तोही शुक्रवारच होता. प्रस्थानाचं नाव काढल्यावर जावई हसला, म्हणून कुणी ठेवलं नाही. पोरगी रिक्षात बसली, रिक्षा हलली, आणि दारात उभ्या कौसल्याबाईनं लाडानं विचारलं, "कुठी चालली वं शामे?" कुठं चालली हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. तोंडातून निघून गेलं. पण निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारू नये, पाऊल अडखळतं, हेही साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. पुढच्या वर्षी बाळ गेल्याचं पत्र आलं, आणि त्या दिवसापासून मनकर्णावहिनी कौसल्याबाईशी बोलल्या नाहीत. भांडण झालं असतं तर मिटलंही असतं. झालंच नाही. वहिनी फक्त बांगड्या भरायला गांधीबागेत जाऊ लागल्या, दोन हातांवरचं दुकान सोडून, भर उन्हातसुद्धा.

तर वामनराव माझ्याकडे अंतर विचारायला आले नव्हते. त्यांना एवढंच हवं होतं, की अमेरिका पश्चिमेला नसावी.

मी म्हटलं, एवढंच ना. चला.

मी त्यांच्या अंगणात गेलो. तिथं तिवईवर पाण्याचा मोठा माठ होता, त्याच्यासमोर मनकर्णावहिनींना बसवलं. चुलीतला कोळसा घेऊन माठाच्या पोटावर एक टिकली काढली आणि सांगितलं, हे नागपूर. मग माठाच्या मागल्या अंगाला हात घालून दुसरी टिकली काढली, ही शामला. मग देवघरातला लाल दोरा मागितला आणि एका टिकलीपासून दुसरीपर्यंत उजवीकडून नेऊन दाखवला, नंतर डावीकडून. दोन्हीकडून सारखाच. खरं सांगायचं तर उजवीकडून, म्हणजे जपानवरून, बोटभर कमीच भरला. दोरा थोडा मी ताणला असेल. पण जपानवरूनही विमानं जातात, हे मी एका लाकडाच्या व्यापाऱ्याच्या तोंडून खरोखरच ऐकलेलं होतं, तेव्हा त्यात पाप नव्हतं.

 वहिनींनी उठून समोरच्या टिकलीवर एक तळवा ठेवला, मागच्या टिकलीवर दुसरा. माठ कवेत आला.

"मंजे कोणीकडंही तोंड केलं तरी ते माह्या पाठीमागंच हाय," त्या म्हणाल्या.

मी दोरा गुंडाळून देवघरात परत ठेवला.  

शेवटी त्यांनी ठरवलं, पूर्व. मुंबई पश्चिमेला खरी, पण ते नुसतं गाडी बदलायचं स्टेशन, असं वामनरावांनी समजावलं. पूर्वेला शुक्रवारची आडकाठी नाही, पण शामलाच्या वेळी राहिलं ते या वेळी राहायला नको, प्रस्थान हवंच. बुधवारी सकाळी आंघोळ करून वहिनींनी हळदीच्या रंगाच्या खणात पुरचुंडी बांधली. सुपारी, हळकुंड, तांदूळ आणि त्यांची एक नवी चोळी. माझ्या घरी आणून देवाच्या कोनाड्यात ठेवली, नमस्कार केला, आणि माझ्या बायकोच्या हातचा चहासुद्धा न घेता गेल्या, कारण त्या आता प्रवासाला निघाल्या होत्या आणि प्रवासात त्या बाहेरचं काही घेत नसत.

वामनराव त्या दिवशी तीनदा माझ्याकडे येऊन कोनाड्यात डोकावून गेले. माल सुखरूप आहे ना हे बघायची त्यांची जुनी सवय.

गुरुवारी सकाळी चारुशीला वहिनींना भेटायला आली. गोड मुलगी, तिची यात काही चूक नाही. वहिनींचं मन रमावं म्हणून ती प्रवास कसा होणार ते सांगू लागली: नागपूरहून मुंबई, मुंबईहून लंडन, लंडनहून न्यूयॉर्क, तिथं विमान बदलायचं आणि मग शामलाताईचं गाव. सूर्य ज्या बाजूला जातो ना काकू, त्याच बाजूला आपण जायचं, म्हणून दिवस लवकर मावळतच नाही, खूप गंमत वाटते.

वहिनींना गंमत वाटली नाही. त्यांनी चारुशीलेला चहा दिला, निरोप दिला, आणि मग घरात जाऊन ट्रंक उघडून एकेक लुगडं बाहेर काढायला लागल्या.

वामनराव माझ्याकडे धावत आले. धाप लागली होती. त्यांनी सांगितलं की ती म्हणते आता जाणं नाही. प्रस्थान उलट्या दिशेला पडलं. एकदा निघताना चुकलं तर पोर गेलं, आता पुन्हा चुकीच्या पायावर निघून मी त्या घरात कशी शिरू. ती रडत नव्हती, वामनराव म्हणाले, नुसती घड्या घालत होती.

"मी तिले काही म्हणू शकत नाही गा, बापूजी. ते जाऊन नाही राहिली अन् तिकडं पोरीचं काही झालं, तर हे मले जन्मभर दिसन. अन् ते गेली अन् काही झालं, तरी दिसन."

मी कोनाड्यातल्या पुरचुंडीकडे बघितलं. अजून गुरुवार होता. गुरुवारी पश्चिम मोकळी असते. पुरचुंडी दिवस मावळायच्या आत पश्चिमेच्या पहिल्या घरी पोचली, तर काही बिघडणार नव्हतं. वामनरावांना मी घरी पाठवलं आणि सांगितलं, ट्रंक पुन्हा भरायला लावा. मग टोपी घातली आणि कौसल्याबाईच्या दुकानात जाऊन बसलो.

ती बांगड्या ओवलेल्या कांड्या झटकत होती. मी सगळं सांगितलं. तिनं कांडी खाली ठेवली.

मला वाटलं होतं, ती मानापमान काढेल. पाच वर्षं नाही बोलली, आता दिशा अडली म्हणून आली का, असं काहीतरी. त्याला उत्तर मी तयार ठेवलं होतं. पण ती म्हणाली,

"माह्या घरी नको, बापूजी. कोणत्याही घरी ठेवा, माह्या घरी नको."

"काहून?"

"तुमाले ठाऊक हाय काहून. मी इच्यारलं होतं. माह्याच तोंडानं इच्यारलं होतं."

तेव्हा मला कळलं की पाच वर्षं त्या दोन घरांत मतभेद असा नव्हताच. वहिनी जे मानत होत्या, तेच ही मानत होती. एक भिंत, आणि दोन्ही अंगांनी तोच ओलावा.

दिशाशूळ खोटा, शकुन खोटे, असं मी तिला सांगू शकलो असतो. पण मी सांगितलेलं खरं ती कशाला मानेल? माझी ती ख्याती नव्हती. म्हणून मी तिला माझ्या विमानप्रवासाची गोष्ट सांगितली. ढगाची नाही, दुसरी.

मी म्हटलं, कौसल्याबाई, मी मुंबईच्या विमानतळावर उतरलो ना टॅक्सीतून, तर दारातल्या शिपायानं पहिलं काय विचारलं असेल? कुठं चालले. सांगितलं. आत गेलो, हमालानं विचारलं, कुठं चालले. सामान तोलणाऱ्या पोरीनं विचारलं, गोड हसून, लिपस्टिक लावून, कुठं चालले. पोलिसानं विचारलं. कस्टमवाल्यानं पेटी उघडून विचारलं. माझ्यापुढं एक मारवाडी म्हातारा होता, त्यानं सांगितलं नाही, अपशकुन होतो म्हणाला, तर त्याला तिथंच उभा केला. माझ्या माहितीप्रमाणे तो अजून तिथंच उभा आहे. कुठं जायचं ते दहा जणांनी विचारल्याशिवाय विमानाची शिडीच लावत नाहीत. रोज हजार माणसं जातात, हजार माणसांना विचारतात. त्या विचारण्यानं पाऊल अडखळत असतं, तर आजवर एकही विमान कुठं पोचलं नसतं.

कौसल्याबाईनं माझ्याकडे निरखून बघितलं.

"हे खरं हाय?"

"माझ्या सांगण्यातलं एवढं कुणालाही विचार. चारुशीलेला विचार."

ती हसली नाही. पदरानं कपाळ पुसलं, मग उठून आतल्या खोलीत गेली. आतून तिच्या फळी पुसण्याचा आवाज आला.

वहिनींनी कौसल्याबाईचं घर ऐकून नाही म्हटलं नव्हतं, आता राहिला पुरचुंडीचा रस्ता. माझं घर पूर्वेला, कौसल्याबाईचं पश्चिमेला, मध्ये वहिनींचं. सरळ नेली तर ती वहिनींच्या दारावरून उलटी जाणार, म्हणजे आलेल्या वाटेनं परत फिरल्यासारखं. वामनराव म्हणाले, मालगाडी उलटी नाही जात, वळसा घेऊन जाते. मग मी पुरचुंडी मांडीवर घेऊन सायकलरिक्षात बसलो आणि रिक्षावाल्याला सांगितलं, पूर्वेला घे.

आरागिरण्या मागे टाकल्या, लाकडांचे ढीग मागे टाकले. रिक्षावाल्यानं विचारलं, मांडीवर काय. मी म्हटलं, एक बाई आहे, अमेरिकेला चालली आहे. त्यानं पॅडल थोडं जोरात मारलं. मी त्याला मौद्याच्या वाटेवर बरंच पुढं काढलं, इतकं, की माझ्या मते आणखी थोडं गेलो असतो तर जपान्यांची टोपलीसारखी टोपी दिसायला लागली असती. मग वळलो, रेल्वेच्या पलीकडून फिरलो, इतवारीतून खाली आलो, गांधीबागेत कापडाच्या गाठींनी रस्ता अडवला होता तिथं ताटकळलो. तीन जणांनी मला विचारलं, बापूजी कुठं चालले, आणि मी तिघांनाही सांगितलं. उन्हं कलायच्या आत मी आमच्या गल्लीच्या पश्चिमेच्या तोंडातून आत शिरलो. पूर्वेकडून निघालेला माणूस पश्चिमेकडून आला. माठावर जे मी दोऱ्यानं दाखवलं होतं आणि ज्यावर माझा स्वतःचाच फारसा विश्वास नव्हता, ते लकडगंजात खरं निघालं.

कौसल्याबाईनं पुरचुंडी दोन्ही हातांनी घेतली. बांगड्यांच्या कपाटात सगळ्यात वरची फळी तिनं रिकामी केली होती.

शुक्रवारी सकाळी टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली, चारुशीला तीत बसलेली. वामनराव आणि मी ट्रंक धरून मागे. वहिनी घरातून निघाल्या, उजवा पाय पुढं टाकून, माझ्या घराकडे न बघता, आणि दोन हातांवरच्या कौसल्याबाईच्या दारापर्यंत चालत आल्या. तेवढं चालायला त्यांना फार वेळ लागला. वामनरावांनी ट्रंक खाली ठेवली आणि पुन्हा उचलली.

कौसल्याबाई पुरचुंडी घेऊन दारात उभी. वहिनींनी हात पुढं केला. पण कौसल्याबाईनं पुरचुंडी दिली नाही. तिनं त्यांचं मनगट धरलं आणि अंगठ्यानं बोटांची मुळं दाबून पाहिली. ज्याच्या त्याच्या हाताचं माप घ्यायची तिची आयुष्यभराची सवय.

"कोणी भरल्या वं ह्या? ढिल्या हायेत."

"गांधीबागेतून भरल्या."

"दिसतेच."

तिनं बाजूच्या कांडीतून चार बांगड्या काढल्या आणि दोन्ही हातांत ढिल्या बांगड्यांच्या पुढं दोन-दोन कसून चढवल्या, म्हणजे मागच्या घसरून पडणार नाहीत. वहिनी हात सैल सोडून उभ्या राहिल्या, लग्नातल्या पोरीसारख्या. चढवताना दुखतं, तेव्हा बायका दुसरीकडं बघतात. या एकमेकींकडेच बघत होत्या. मग पुरचुंडी हातात आली. टॅक्सीवाल्यानं भोंगा वाजवला. वहिनी हलल्या नाहीत.

"तिकडं समदे पुसनार हायेत म्हंते मले हे बापूजी," त्या म्हणाल्या. "शिपाई, पोलिस, समदे. मंग पयले तूच इच्यार ना वं."

कौसल्याबाईचा हात तोंडाकडे गेला. तो तिनं खाली घेतला.

"कुठी चालली वं, मनकर्णा?"

"शामीकडे."

आणि मग त्या चालू लागल्या, बऱ्यापैकी भरभर.

सोनेगावला मी आणि वामनराव दोघे गेलो. मुंबईचं विमान उठलं, पश्चिमेलाच गेलं, आणि दिसेनासं झाल्यावरही वामनराव त्याच जागी मान वर करून उभे होते, शेवटचा डबा अजून जायचा असल्यासारखे.

मोठं विमान मुंबईहून शनिवारी पहाटे सुटणार होतं. शनिवारी सकाळी वामनराव माझ्या ओट्यावर आले. थोड्या वेळानं कौसल्याबाई भाकरी आणि पिठलं घेऊन आली, वामनरावांचं जेवण कोण बघणार म्हणून, आणि ताट ठेवून तिथंच टेकली. दुकान उघडं टाकून. दोघांनी मला काही विचारलं नाही, पण दोघंही माझ्याकडे बघत होते. मग मी सांगायला लागलो. आत्ता अरबस्तान. खाली नुसती वाळू, एक उंट दिसतो आहे. आत्ता तुर्कांचं राज्य. वामनरावांना स्टेशनं हवी होती, मी त्यांना स्टेशनं दिली. काही नकाशावर होती, काही मी तयार केली. प्रत्येक नावाला ते मान हलवत. कौसल्याबाईनं एकदाच विचारलं, पाणी विचारतात का वर. मी म्हटलं, पाणी घेऊन एक पोरगी मधल्या वाटेनं सारखी फिरत असते. दुपारी मी समुद्र काढला, हिरवे दिवे, नावेतले सिग्नलवाले, आणि वाहवत जाऊन पुन्हा वाळूत शिरलो.

"वाळू मघाच संपवली होती तुमी," कौसल्याबाई म्हणाली. "पुढं न्या तिले."

मी पुढं नेलं. मला वाटतं, मी सांगतो त्यातलं काही खरं नाही, हे त्या दोघांना पहिल्या उंटापासून माहीत होतं. पण बाई इतकी लांब चालली होती, आणि कुणीतरी तिच्यासोबत बोलत जायला हवं होतं. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला आणि न्यूयॉर्क यायचंच होतं.

तार सोमवारी आली. आई पोचली. वामनरावांनी तारखेवर बोट ठेवलं आणि ते हबकले. शनिवार. शनिवारी सुटलेली गाडी दहा हजार मैल तोडून त्याच शनिवारी कशी पोचेल? त्यांनी मला विचारलं, मी चारुशीलेचं सूर्यामागे धावणं सांगून पाहिलं. ते म्हणाले, हे तुमच्या ढगासारखंच दिसते. पण तार त्यांनी खिशात ठेवली ती आठवडाभर.

पंधरवड्यानं दुसरी तार आली. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

त्या दिवशी दुपारी कौसल्याबाईनं आम्हाला दुकानात बोलावलं. समोर तान्ह्या पोरांच्या काळ्या बांगड्यांची पेटी उघडली होती, बाजूला टोपलीभर लाकडाचा भुसा, काच बांधायला. तिनं वामनरावांना विचारलं, विमानाच्या पार्सलाची गोष्ट सोडा, बोटीनं पाठवलं तर तिकडं जायला किती दिवस लागतात.

वामनरावांचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांना त्यांच्या खात्यातलं विचारलं होतं. ते म्हणाले, मुंबईपर्यंत रेल्वेनं, पुढं बोट, धरून चाला अडीच महिने.

मी तोंड उघडलं होतं. बोटीला जुंपलेल्या एका माशाची गोष्ट मला ठाऊक होती. कौसल्याबाईनं हात वर करून मला थांबवलं.

तिनं अंगठा आणि पहिलं बोट जुळवून एक लहानसं कडं केलं आणि त्याच्याकडे बघत बसली. त्या कड्यात एक मनगट होतं, जे तिनं बघितलेलं नव्हतं आणि बघायची शक्यताही नव्हती. "अडीच महिने," ती स्वतःशी म्हणाली आणि बोटं किंचित सैल केली. पेटीतल्या सगळ्यात लहान बांगड्या तिनं बाजूला सारल्या. त्याहून मोठ्या दोन उचलल्या, बोटांच्या कड्याशी लावून पाहिल्या, भुशात ठेवल्या. मग पुन्हा थांबली.

"पार्सल धक्क्यावर पडून राहते का, भाऊ?"

वामनरावांनी थोडा विचार केला. मालधक्क्यावर आयुष्य काढलेला माणूस. तिथलं खोटं त्यांच्यानं बोलवेना.

"राहते," ते म्हणाले. "कधी कधी महिनाभर राहते."

कौसल्याबाईनं भुशात हात घालून त्या बांगड्या परत काढल्या, आणि त्याहून एक माप मोठ्या घेतल्या.